उत्तरेचा जिना

समीरनं भिंतीतल्या चौकोनी भोकात कोपरापर्यंत हात घातला, आत चाचपून पाहिलं, बाहेर काढून बोटांवरची धूळ फुंकली आणि म्हणाला, "इथं गणपती काय सुंदर बसेल." दीक्षा त्याच्याखालच्या पायरीवर हातोडी घेऊन उभी होती. तिला हसू आलं की ओकारी, हे तिला नंतरही ठरवता आलं नाही. समीर पुण्याहून आलेला आर्किटेक्ट. जुन्या इमारतींना त्यांचं मूळ रूप परत मिळवून देणारा, निदान त्याच्या कार्डावर तरी तसं छापलेलं. अंगात काळा खादीचा कुडता, गळ्यात दोरीला लटकवलेला चष्मा, आणि विटेवरून हात फिरवताना डोळे मिटून घ्यायची सवय. "बघा ना," तो म्हणाला, "प्रत्येक टप्प्यावर असं एकेक भोक ठेवलंय, गुडघ्याच्या उंचीला. हवा खेळती राहावी म्हणून. काय डोकं असेल त्या लोकांचं! आजच्या आर्किटेक्टला सुचेल हे?" "नाही सुचणार," दीक्षा म्हणाली, आणि ते तिनं अगदी मनापासून म्हटलं. भिंतीच्या पलीकडे एके काळी ओळीनं संडास होते, टोपलीचे. वर माणूस बसायचा, खाली टोपली भरायची, आणि ती टोपली त्या भोकातून ओढून डोक्यावर घेऊन खाली न्यावी यासाठी हा बिडाचा गोल जिना इमारतीच्या पाठीला चिकटवलेला होता. पुढच्या माणसांना मागची माणसं दिसू नयेत एवढंच बांधणाऱ्याच्या डोक्यात होतं. हवेचा विचार कुणी केलाच असेल तर तो वास पुढं येऊ नये म्हणून. दीक्षा स्ट्रक्चरल इंजिनिअर होती. जिना किती माणसांचा भार सोसेल एवढंच तिनं सांगायचं होतं. भोकांबद्दल तिला कुणी विचारलं नव्हतं. तिनं पायरीवर हातोडी मारली, बीड खणखणीत वाजलं. "पक्का आहे," ती म्हणाली. समीरनं मान डोलावली, जसं काही ते त्याचंच कौतुक होतं.

त्रिशला चेंबर्स इंदुरात, राजवाड्यापासून हाकेच्या अंतरावर. संस्थानाच्या अखेरच्या दिवसांत कुणा शेटजींनी मुंबईच्या इमारती पाहून बांधलेली. कोपरा काटकोनात न ठेवता गोल वळवलेला, वर चुन्यात काढलेला उगवता सूर्य आणि त्याचे किरण, गच्च्यांना बोटीसारखे आडवे लोखंडी कठडे, आत हिरव्या-काळ्या मोझेकची फरशी, सागवानी रुंद जिना, आणि जिन्याच्या पोटात पिंजऱ्याची लिफ्ट. ही लिफ्ट चालताना पाहिलेला माणूस आता शहरात शोधावा लागला असता. दीक्षाला ही इमारत आवडायची, आणि आवडते याचा रागही यायचा. कॉलेजात असताना ती समोरच्या फुटपाथवर उभी राहून तिचा तो गोल कोपरा वहीत काढत असे. तेव्हा कोपऱ्यावर ब्लाउज पीसच्या दुकानाचा फलक होता, सूर्याच्या बरोबर मध्यातून ड्रेनेजचा पाइप उतरवलेला होता, आणि एका किरणावर कुणीतरी डिश अँटेना ठोकलेला होता. आज ज्यांचे गळे या इमारतीच्या प्रेमानं भरून येत होते त्या सगळ्यांनी आयुष्यभर तिला खिळेच मारले होते. पुढं चकचकीत पत्रे ठोकायची फॅशन आली तेव्हा अख्खी इमारत पत्र्यांत गुंडाळून टाकली, आणि आता 'हेरिटेज'ची फॅशन आली तेव्हा तेच पत्रे उचकटले. आतून सूर्य निघाला. लगेच पेपरात फोटो. ज्यानं झाकलं त्यालाच उघडल्याबद्दल हार. त्याचं नाव ऋषभ, बांधणाऱ्या शेटजींचा नातू. वरच्या मजल्यांवर हॉटेल काढायचं त्याच्या मनात होतं, आणि हॉटेल म्हटल्यावर आधी वास्तुशास्त्राचे पंडितजी आले. पंडितजींनी होकायंत्र लावलं आणि सागवानी जिन्याला नाक मुरडलं. दार दक्षिणमुखी! दक्षिण म्हणजे यमाची. मग ते इमारतीला वळसा घालून कचऱ्यातून, मांजरांतून मागं गेले आणि गोल जिन्यासमोर थबकले. उत्तर. उत्तर म्हणजे कुबेराची. प्रवेश इथूनच हवा. गिऱ्हाईक इथून चढेल तर लक्ष्मी वर चढेल. एका मिनिटात पुढचं मागं झालं आणि मागचं पुढं, आणि समीरला तर हर्षवायूच व्हायचा बाकी राहिला, कारण त्याला तो जिना पहिल्या दिवसापासून 'इमारतीतला दागिना' वाटत होता. उचलली जीभ लावली टाळ्याला. दागिना!

जिन्याला मग नाव हवं होतं. ते कुणी काढलं हे दीक्षाला माहीत नव्हतं; एके सकाळी ते मोबाइलवर निमंत्रणपत्रिकेत छापूनच आलं, 'राणीचा जिना'. म्हणे कुठलीशी राणी पडद्यातून रेशीम पाहायला यायची, पुढच्या बाजारात तिचं पाऊल दिसू नये म्हणून खास तिच्यासाठी मागून हा जिना केला. कुठली राणी, कुठल्या गावची, कुणी विचारलं नाही. पोहे-जलेबी खात खात शहरानं ती राणी गिळून टाकली. स्वच्छतेत आपला पहिला नंबर म्हणून छाती फुगवणारं शहर हे. रोज सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत दारात येते, ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, लोक अभिमानानं डबे पुढं करतात. पण तो डबा गाडीत उलटणारा हात कुणाचा, आणि त्या हाताच्या आईचा, आजीचा हात कुठल्या भोकात जायचा, हा प्रश्न पडायला शहराला फुरसत नाही. दीक्षा दर सकाळी महूहून गाडी चालवत येताना ते गाणं राऊला ऐकायची, राजेंद्रनगरला ऐकायची, आणि दर वेळी तिच्या ओठांचा एक कोपरा वाकडा व्हायचा. तो वाकडेपणा आता चेहऱ्यावर कायमचा बसला आहे असं तिचा घटस्फोटित नवरा म्हणायचा, आणि त्याच्याबद्दलही तिचं मत काही फार चांगलं नव्हतं.

हे सगळं तिला ठाऊक असायचं कारण घरातलंच होतं. तिच्या आईचे वडील, किसन हवलदार, पलटणीतून पेन्शनीवर आल्यावर याच त्रिशला चेंबर्सच्या मागच्या फाटकावर चौकीदार होते. आठवडाभर इंदुरात, रविवारी महूला. आई, कौसल्याबाई, लहानपणी त्यांचा डबा घेऊन यायची, आणि आयुष्यभर ती एकच गोष्ट सांगत आली, आधी दीक्षाला, मग शाळेतल्या मुलांना, मुख्याध्यापिका झाल्यावर प्रार्थनेच्या तासालासुद्धा. मे महिन्यातली दुपार होती. लोखंडी जिना तव्यासारखा तापलेला. डोक्यावर टोपली घेतलेली एक बाई अनवाणी वरच्या टप्प्यावर उभी, आणि वरूनच किसन हवलदारांना म्हणत होती की आज एक दिवस मला सागवानी जिन्यानं उतरू द्या, पाय भाजतात. किसन हवलदार काठी आडवी धरून म्हणाले, "नियम म्हणजे नियम." बाई गोल जिन्यानंच उतरली. आई ही गोष्ट शिस्तीची म्हणून सांगायची. गोष्ट संपली की मुलं कडक सलाम ठोकायची. छप्पन सालानंतरची ही दुपार, म्हणजे किसन हवलदारांनी धम्म घेतल्यानंतरची, घरातले देव नदीत सोडल्यानंतरची, आणि ते स्वतः त्याच जिन्याच्या तळाशी बसून वेगळ्या कपात चहा पीत त्या दिवसांतली. दीक्षानं एकदा, कॉलेजात असताना, आईला विचारलं होतं की आजोबा त्या बाईला 'नाही' का म्हणाले. आईनं पोळी तव्यावर टाकता टाकता सांगितलं, "ते काम आपलं नव्हतं गं. आपण पलटणीतली माणसं." एवढंच. पोळी फुगली. दीक्षाला तेव्हा कळलं की शिडी कितीही लांब असो, प्रत्येकाला आपल्याखाली एखादी पायरी लागतेच, आणि ती नसली तर माणूस करून घेतो. पुढं या ज्ञानाचा तिला उपयोग झाला तो एवढाच की कुणाही माणसाकडे बघताना त्याच्या पायाखाली कोण आहे हे तिला आधी दिसायचं. त्यामुळे तिला मैत्रिणी फार नव्हत्या.

तर ती गप्प राहिली. सुरुवातीला तर मजाच वाटली. ज्यांच्या आजे-पणज्यांनी त्या कठड्याला चुकून पदर लागला तर अंघोळ केली असती, ते आता रांगेनं, अनवाणी, हातात निरांजन घेऊन त्याच जिन्यानं चढणार; ज्या भोकांतून टोपल्या ओढल्या त्यांत शाडूचे गणपती बसणार, समोर दुर्वा, मोदक. कुणी इतका नेमका सूड योजला असता तरी जमला नसता, आणि हा तर त्यांनीच होकायंत्र लावून, मुहूर्त काढून, स्वतःवर उगवून घेतला होता. आपण फक्त बघत राहायचं. ती कामावर जायची, हातोडी मारायची, आणि मनातल्या मनात पहिल्या रांगेतली खुर्ची धरून बसायची. पण हळूहळू मजेला आंबूस वास यायला लागला. समीर भोकांतून खरवडून घेत होता, चुना काढत होता, एके दिवशी त्याला एका भोकाच्या चौकटीत गंजलेल्या पत्र्याच्या झडपेचा तुकडा सापडला आणि तो त्यानं हातरुमालात गुंडाळून खिशात ठेवला, पुण्यातल्या व्याख्यानात दाखवायला. "केवढं बारीक काम," तो म्हणाला, "उन्हाळ्यात उघडायची, थंडीत बंद." दीक्षाला वाटलं, या माणसाच्या तोंडावर सांगावं की बाबा, ती झडप बाई आल्यावर उघडायची. पण सांगून काय, तो डोळे मिटून "किती हृदयद्रावक" म्हणाला असता आणि व्याख्यानाला अजून एक स्लाइड झाली असती. तिला त्या बाईचा विचार यायला लागला. सूड म्हणून आपण तिचा जिना वापरतोय, आणि तिला त्यातून काय मिळतंय? तिच्या जिन्यावर राणी चढवून बसवली. तिचे भाजलेले पाय पुसून तिथं पैंजण काढले. हे बघत गप्प बसणाऱ्याला काय म्हणायचं, याचं उत्तर दीक्षाला चांगलं येत होतं, इतरांना ती तेच म्हणत आली होती.

म्हणून ती एका दुपारी ऋषभकडे गेली. तळमजल्यावर त्याची पेढी. पांढरी गादी, लोड, बाहेर चपला. ऋषभ पन्नाशीला आलेला, गोड बोलणारा, आणि महाराष्ट्रीय माणसाशी मराठीत बोलतो याचा त्याला भारी अभिमान.

"या मॅडम, बसा ना. चाय मागवतो. शक्कर कमी, मालूम आहे."

"ऋषभजी, तो मागचा जिना कशासाठी होता, माहीत आहे तुम्हाला?"

"मालूम आहे ना." त्यानं चहावाल्याला बोटानं खूण केली. "मैला उतरायचा तिथून. मी छोटा होतो तेव्हा मम्मी रेलिंग को हाथ नहीं लगाने देती थी. घरात सब को मालूम आहे."

दीक्षाला गादीवरून उठावं की बसून राहावं कळेना. ती इतके दिवस ज्या आंधळ्यांची कीव करत होती त्यांना दिसत होतं.

"मग राणी?"

"राणी तो मार्केटिंग आहे मॅडम. लोग कहानी के लिए आते हैं."

"आणि पंडितजी?"

"पंडितजी को दिशा से मतलब. उत्तर है तो उत्तर है."

"मी सांगितलं सगळ्यांना तर?"

ऋषभनं चहाचा कप तिच्यापुढं सरकवला. त्याच्या आवाजात राग नव्हता, दुकानदाराची समजूत होती. "तो पंडितजीच बोलतील, कटवा दो. मी नाही थांबवणार. भंगारवाला उचलून नेईल, मग राणी पण गेली आणि तुमची ती बाई पण गेली. आता कमसे कम जिना तो आहे." मग जरा पुढं झुकून, "और बुरा मत मानना. तुमचे नानाजीच तर उभे रहायचे तिथं, लकडी घेऊन. किसन हवलदार. दादाजी बोलते थे, किसन है तो पीछे की चिंता नहीं. मम्मीनंच तुमचं नाव काढलं, किसन की नातिन इंजिनिअर झाली आहे, तिलाच बोलवा. घर का आदमी."

शहरातल्या नावाजलेल्या लोकांना डावलून हे काम आपल्याला मिळालं, ते आपल्या कामामुळे, असं दीक्षानं तोवर धरून ठेवलं होतं. चहा कडू लागला नाही, गोडच होता, शक्कर कमी सांगूनही. ती तो पूर्ण प्यायली, हेही तिला नंतर लागलं.

"उद्घाटनाला मम्मीजी को लाओ," ऋषभ म्हणाला. "नानाजी के नाम से शॉल-श्रीफळ करू. तुम्ही पण दो शब्द बोला. जो बोलना है बोलो, माइक तुमचाच." त्याला खात्री होती. आईच्या खांद्यावर शाल पडलेली असताना कुठली मुलगी तोंड उघडते? त्यानं तिला धमकी दिलीच नव्हती, सत्कार दिला होता. असल्या माणसांचा तिटकारा करायला दीक्षाला आयुष्यभर कधी श्रम पडले नव्हते. त्या दिवशी पहिल्यांदा तो करताना तिला दम लागला.

आईला सांगितलं तेव्हा कौसल्याबाईंचा चेहरा उजळला. "त्या दारात बाबांचा सत्कार? जिथं त्यांना चहा वेगळ्या कपात मिळायचा?" त्यांनी कपाटातून निळ्या काठाची पांढरी साडी काढली, इस्त्रीला दिली, परत आल्यावर पुन्हा घरी इस्त्री केली. किसन हवलदारांची पदकं पेटीतून निघाली, रुमालानं पुसली गेली. "तू बोलणार आहेस ना तिथं? बाबांबद्दल सांग हं. हुद्द्यासकट नाव घे, नुसतं नानाजी-नानाजी नको." दीक्षा आईकडे बघत राहिली. आयुष्यभर मुलांना ताठ मानेनं जगायला शिकवलेली बाई, एका शालीला भुलली. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, तो वाळाही यांच्या हातून घ्यायचा, आणि वर हात पुढं करायचा. तिला आईची दया आली, आणि दयेच्या आत तोच जुना वाकडेपणा होता. त्या रात्री नाही, त्या आठवड्यातल्या कुठल्याच रात्री तिला नीट झोप लागली नाही. बोलले तर आईची मान खाली, जिना भंगारात. नाही बोलले तर आईची मान वर, आणि त्या बाईचे पाय कायमचे राणीचे. दोन्हीकडून हात पोळत होते. त्यातल्या त्यात आपल्याच आईची मान आपल्या हातात आहे ही गोष्ट तिला सर्वांत लाजिरवाणी वाटत होती.

उद्घाटन सकाळी होतं. मागच्या बोळाला धुऊन काढलं होतं, मांजरं हाकलली होती, जिन्याला वरपासून खालपर्यंत झेंडू गुंडाळला होता. खालच्या टप्प्यावरच्या भोकात गणपती बसला होता, छोटासा, लाल पितांबराचा. त्याच्या पोटाला मागून विजेचा दिवा लावलेला. वरचेही दिसत होते, वळणावळणाला एकेक. पाहुणे चपला काढून उभे होते, व्यापारी, त्यांच्या बायका, कॉलेजातले काही, हेरिटेजवाले, हातात मोबाइल. समीरनं आज पांढरा कुडता घातला होता. ऋषभची आई अंबिकाबाई, चंदेरी केसांच्या, छोट्याशा, चाकाच्या खुर्चीतून आणलेल्या; पहिली पायरी त्यांनीच चढायची होती, दोघांनी धरून. त्याआधी सत्कार. अंबिकाबाईंनी शाल कौसल्याबाईंच्या खांद्यावर घातली. इतक्या हुशारीनं, की शाल पडली आणि बोटं कुठंच लागली नाहीत. नारळ हातात न देता मधल्या तबकातून पुढं केला. दीक्षानं ते पाहिलं. आईनं पाहिलं की नाही कळलं नाही. आई सरळ उभी राहून समोर बघत होती, पलटणीतल्यासारखी. मग ऋषभनं माइक पुढं केला. "मैडम, दो शब्द."

दीक्षानं विचार करून ठेवलेलं एकही वाक्य तिला आठवलं नाही. ती हिंदीतच बोलली, आणि सरळ बोलली. इथं राणी कधी चढली नाही, ती म्हणाली. या भिंतीमागं टोपलीचे संडास होते, आणि ज्या भोकांत आज तुम्ही देव बसवले आहेत त्या भोकांतून बायका मैल्याच्या टोपल्या ओढून काढायच्या, आणि डोक्यावर घेऊन या जिन्यानं उतरायच्या. पुढच्या जिन्यावर त्यांना पाय ठेवायची मनाई होती. त्यांनी तो ठेवू नये म्हणून खाली काठी घेऊन एक माणूस उभा असायचा. तो माणूस म्हणजे माझे आजोबा, हवलदार किसन. एका उन्हाळ्यात एका बाईचे पाय भाजत होते तरी त्यांनी तिला पुढच्या जिन्यानं उतरू दिलं नाही. ही गोष्ट आमच्या घरात अभिमानानं सांगतात. मला त्याची लाज वाटते. जिना पक्का आहे, तुम्ही चढू शकता, पण कशावर चढताय ते माहीत असू द्या. एवढं बोलून तिनं माइक खाली केला. आईकडे बघायचं तिला धाडस झालं नाही.

भाषण चालू असतानाच दोघांनी धरून अंबिकाबाईंना पायरीशी आणलं होतं; पहिल्या पायरीवर टेकलेला पाय त्यांनी मागं घेतला. दीक्षाला वाटलं, आता. आता हे मागं हटतील, भंगारवाल्याला फोन जाईल, सगळं उघडं पडेल. आणि मग मागून कुणीतरी टाळी वाजवली. समीरच असावा. दुसऱ्यानं वाजवली. बघता बघता अख्खा बोळ टाळ्या वाजवायला लागला, काही जणींच्या डोळ्यांत तर पाणीसुद्धा आलं होतं. "मैडम ने बहुत ही सुंदर जानकारी दी," ऋषभ माइकवर म्हणाला, "इतिहास तो इतिहास है, उसका भी सम्मान होना चाहिए." पंडितजी अंबिकाबाईंच्या कानाशी वाकून काहीतरी बोलले, तांब्यातून चार थेंब गंगाजल पायऱ्यांवर शिंपडलं, अंबिकाबाईंनी हात जोडले, आणि पाय परत ठेवला. चार थेंबांत निभावलं. मग सगळे चढले, रांगेनं, वळणावळणाला गणपतीपुढं थांबत, आणि आता तर आधीपेक्षा जास्त फोटो काढत, कारण आता कहाणी जास्त चांगली झाली होती. समीर तिच्याजवळ येऊन डोळे मिटून म्हणाला, "काय बोललात! याला म्हणतात लेयर्ड हिस्टरी. बोर्डवर घेऊ आपण हे, राणीच्या खाली." दीक्षाच्या तोंडात शिवीसुद्धा आली नाही. ज्यांच्यावर ती घाव घालायला गेली त्यांनी तो हारासारखा गळ्यात घालून घेतला होता, आणि ज्या एका माणसाला तो लागला असेल ते माणूस, तिची आई, आता बोळात नव्हतं.

आई गाडीत बसलेली होती. शाल घडी करून मांडीवर ठेवलेली, नारळ पायाशी. दीक्षानं गाडी काढली. राजवाडा मागं पडला. दीक्षानं एकदा 'पाणी हवं का' विचारलं, आईनं मान हलवली. दीक्षा मनात वाक्यं जुळवत होती, आई मला माफ कर, आई मला बोलावंच लागलं, आई आजोबांचा दोष नव्हता. आणि प्रत्येक वाक्य तिला समीरनं बोलावं तसं वाटत होतं. भंवरकुआंच्या सिग्नलला गाडी थांबली. कोचिंगची मुलं पाठीवर दप्तरं घेऊन गाड्यांमधून वाट काढत होती.

"बाबांचं नाव घेतलंस," कौसल्याबाई म्हणाल्या. "हुद्द्यासकट घेतलंस."

"आई, मला..."

"ऐक पहिले. काठीचं सांगितलंस, त्या बाईचं सांगितलंस. बरोबर केलंस. सच होतं ते, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. मी ती गोष्ट सांगायला नको होती मुलांना, हे मला रिटायर व्हायच्या आधीच कळलं होतं. शाल घ्यायला गेले कारण मला बघायचं होतं, तू बोलतेस का." त्या समोर बघत होत्या. "पण ती काठी बाबांच्या हातात दिली कुणी? बाबांनी बाजारातून आणली होती का? नियम कुणाचा होता तो? शेटजी तिथंच गादीवर बसलेले असायचे. त्यांची सून, त्यांचा नातू, तुझ्या बाजूला उभे होते, माइक धरून. माझ्या बापाचं नाव घेतलंस, शेटजींचं का नाही घेतलंस?"

घाबरले असं दीक्षाला म्हणता आलं असतं, पण बोलताना तिला ऋषभची भीती वाटली नव्हती. विसरले म्हणावं तर शेटजींचं नाव तिला किसन हवलदारांच्या नावाइतकंच पाठ होतं. मागच्या गाडीनं हॉर्न दिला. तिनं गिअर टाकला, आणि तेव्हा तिला कळलं की त्या सबंध भाषणात, एका क्षणालाही, शेटजींचं नाव घ्यायचं तिला सुचलंच नव्हतं.